सर्वांत दुबळं घर कोणाचं?

एका राज्यात जाती फिरत होती, पण पीठ पडत नव्हतं.

जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळे टाकावेत, खुंटा धरून गरागरा फिरवावं आणि भोवती पाहावं, तर काही नाही. ना पीठ, ना कोंडा. दाणा जाई तो कुठे जाई, कोणास ठाऊक. उखळात कांडावं तर उखळही रितं. तसाच शिजवावा म्हटलं, तर दोन प्रहर उकळूनही दाणा खड्यासारखा कडक. सहा महिने असे गेले. लोक टाकळ्याचा पाला खाऊ लागले, उंबरं खाऊ लागले, चिंचोके भिजवून, सोलून, उकडून खाऊ लागले. आणि त्याच सहा महिन्यांत महालाचे सातही घुमट चांदीने मढले गेले. यावर दरबारात कोणी काही बोललं नाही, कारण दरबार दुःखात होता.

दुःख दरबाराने रीतसर वाटून घेतलं होतं. प्रधान दर सोमवारी भर दुपारी सज्जात उभे राहून प्रजेसाठी रडत. राजगुरूंनी प्रजेसाठी अन्न सोडलं होतं. आणि राजा भद्रसेन वर्षातून एकदा प्रजेच्या घरी जेवत असे.

हे जेवण म्हणजे त्या राज्याची फार जुनी रीत. सुगी संपली की घासाची तिथी येई. त्या दिवशी राजाने अनवाणी चौकात यायचं आणि तीनदा विचारायचं, 'सर्वांत दुबळं घर कोणाचं?' जो 'माझं' म्हणेल त्याच्या घरी जाऊन, जमिनीवर बसून, त्या घरचा एक घास खायचा. घास गिळला की नगारखान्यात नगारा वाजे. पहिल्या राजाने काळ्या डोंगरातल्या जात्यांच्या देवीशी, जात्याईशी, तसा करार केला होता, आणि त्या कराराच्या बळावर राज्यातली जाती भरली फिरत.

पण भद्रसेन गादीवर बसला तो आठव्या वर्षी. एवढ्या कोवळ्या जिवाला कोणाच्याही घरचं कसं भरवायचं, म्हणून दरबाराने त्या वर्षापुरती सोय केली. चौकालगत एक झोपडी उभारली, तिचा नवा कूड धुराने काळा केला. आत प्रधानांचा मेहुणा फाटकं धोतर नेसून बसला. ते धोतर शिंप्याकडून माप देऊन फाडून घेतलं होतं. भाकरी महालाच्या मुदपाकखान्यातून आली, आतून लोणी आणि वरून चिमूटभर राख. प्रजेला शंभर पावलांवर दोरी बांधून उभं केलं. सगळं इतकं सुरळीत पार पडलं की ती एका वर्षाची सोय बारा वर्षं चालली.

राजा दरवर्षी तो घास खाई आणि डोळे मिटून म्हणे, "किती गोड! दुबळ्याच्या घरचं अन्न इतकं गोड असताना लोकांची तक्रार कशाची?" हे तो अगदी मनापासून म्हणे. दुबळ्याचं घर त्याने तेवढंच पाहिलं होतं.

त्या राज्यात भिवरा नावाची एक बाई राहत होती. तिचा बाप सोनजी पाथरवट, आणि बापलेकीचा धंदा जात्याला टाकी लावण्याचा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की दाणा भरडेनासा होतो. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्याला पुन्हा खरखरीत चरे पाडावे लागतात, त्याचं नाव टाकी. खांद्यावर झोळी टाकून भिवरा आळीआळीतून हाळी देत फिरे, "जात्याला टाकीऽऽ!" राज्यातलं एकही जातं असं नव्हतं ज्याच्यावर त्या दोघांचा हात फिरला नव्हता.

तेच त्यांच्या अंगाशी आलं. प्रजा कुरकुर करू लागली तेव्हा दरबाराला अपराधी हवा झाला. प्रधान म्हणाले, "दाण्यात खोट नाही, तो देवाने दिला. दगडात खोट नाही, तो डोंगराने दिला. राहिली टाकी." शिपायांनी म्हाताऱ्या सोनजीला पकडून कड्यावरच्या कोठडीत टाकलं. घासाच्या तिथीला, नगारा वाजताच, त्याचा कडेलोट करायचं ठरलं. त्या दिवशी लोक जमलेलेच असतात, वेगळी दवंडी पिटायला नको.

तिथीला नऊ दिवस उरले होते.

भिवरा रडली नाही, तिला वेळ नव्हता. दगडातच काही खोट सापडली तर बाप सुटेल, असा विचार करून ती पहाटेच काळ्या डोंगराकडे निघाली. राज्यातलं प्रत्येक जातं त्या डोंगराच्या खाणीतून निघालं होतं. सूर्य डोक्यावर येईतो ती खाणीत पोचली आणि खडकाला कान लावून हातोडीने एकेक थर वाजवून पाहू लागली. दगड सगळीकडे खणखणीत बोलत होता.

"दगडात काही नाही," वरून कोणीतरी म्हणालं.

खडकाच्या धारेवर एक मैना बसली होती. गळ्यात सोन्याची बारीक साखळी, आणि साखळीचं टोक तुटलेलं.

"तू कोण?" भिवराने विचारलं.

"महाराजांची मैना. बारा वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या उशाशी म्हणायचे, 'प्रजा सुखी आहे.' म्हटलं की डाळिंबाचे दाणे मिळत. महिन्यापूर्वी दाणे द्यायला विसरले, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं."

"काय निघालं?"

"'चांदी कुठून आली?' एवढंच. महाराज जागे व्हायच्या आत प्रधानांनी मला खिडकीबाहेर भिरकावलं."

"आणि कुठून आली चांदी?"

"तुमच्या जात्यांतून. तुम्ही इथे दळता, पीठ तिथे महालाच्या तळघरात पडतं. पडता पडता त्याची चांदी होते. प्रधान सोमवारी उठल्या उठल्या आधी तळघरात जाऊन पाहतात, मग आंघोळ करतात आणि मग रडायला सज्जात येतात."

भिवराच्या हातातली हातोडी खाली आली. सहा महिने ज्या दगडांना ती आपलीच चूक समजून पुन्हा पुन्हा टाकी लावत होती, ते दगड बिचारे आपलं काम करत होते. तिला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"हे मोडायचं कसं?"

"ते मला ठाऊक नाही. जिला ठाऊक आहे तिला विचार." मैनेने चोचीने खडकावर तीनदा टोचलं, आणि खडक दारासारखा उघडला.

आत एक म्हातारी बसली होती. कमरेपर्यंत ती दगडाची होती आणि वर माणसाची. समोर जातं नव्हतं, पण तिचा उजवा हात दळल्यासारखा गोल गोल फिरत होता. भिवराने ओळखलं, ही जात्याई. ती पाया पडली.

"आई, तुझा शाप मागे घे."

"मी शाप दिला नाही," जात्याई म्हणाली. "करार त्यांनी मोडला. पहिल्या वर्षी मला वाटलं, राजा लहान आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, आजारी असेल. बारा वर्षं मी वाट पाहिली. आता जो खोटा घास खातो त्याच्याकडे तुमचं पीठ जातं. त्याला ते खाता मात्र येत नाही."

"मग उपास त्यांनी केला, की आम्ही?"

जात्याईचा फिरता हात थांबला. ती म्हणाली, "बारा वर्षं तूही दोरीमागे उभी राहून 'जय' म्हणत होतीस, भिवरा. मी ऐकत होते."

भिवराने मान खाली घातली. ते खरं होतं. सगळेच म्हणत, म्हणून तीही म्हणे.

जात्याईने तळहाताएवढं एक जातं तिच्या पुढ्यात ठेवलं. "याच्या तोंडी तीन गोष्टी घाल. प्रधानाच्या डोळ्यातलं खरं पाणी. राजगुरूच्या पोटातली खरी भूक. आणि राजाने गिळलेला खरा घास. तिसऱ्या गोष्टीला हे जातं पीठ देईल, आणि हे देईल तशी सगळी देतील."

"पण आई, राजाने घास गिळला की नगारा वाजतो. आणि नगारा वाजला की माझा बा..."

"ते माझ्या हातात नाही," जात्याई म्हणाली. "नगारा माणसं वाजवतात."

खडक मिटला. भिवरा ते चिमुकलं जातं झोळीत टाकून डोंगर उतरली. मैना तिच्या डोक्यावरून उडत होती.

पहिला सोमवार आला. भर दुपारी प्रधान सज्जात उभे राहिले आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. खाली चांदीचं घंगाळ होतं. त्यात साठलेले अश्रू तीर्थ म्हणून चमचाचमचा वाटले जात. भिवरानेही ओंजळ पुढे केली आणि मिळालेला चमचा जात्याच्या तोंडी ओतला. जातं ढिम्म हललं नाही. मैना म्हणाली, "ते गुलाबपाणी आहे. राजमांत्रिक दर सोमवारी सकाळी मंत्र टाकून त्यांच्या डोळ्यांत भरतो."

मग भिवराने एक युक्ती केली. दुसऱ्या दिवशी ती प्रधानांच्या हवेलीच्या परसात जाऊन "पाट्याला टाकीऽऽ" म्हणून ओरडली. जाती बंद असली तरी मोठ्या घरांतले पाटे-वरवंटे चालूच होते. नदीपलीकडून आलेल्या पिठाच्या पोळ्यांबरोबर चटणी लागतेच. स्वयंपाकिणीने तिला आत घेतलं. पाटा ठेवला होता तिथेच नव्या चांदीने मढवलेला एक खांब होता. भिवराची छिन्नी आजवर एकदाही घसरली नव्हती. ती त्या दिवशी घसरली. खांबावर बोटभर लांब ओरखडा उठला.

आवाज ऐकून प्रधान आतून अनवाणी धावत आले. त्यांनी ओरखड्यावरून हात फिरवला. गुडघे टेकून ते खांबाजवळ बसले, त्यांचा ओठ थरथरला, आणि टपकन एक थेंब गालावरून ओघळला. भिवराने जातं पुढे धरलंच होतं. थेंब तोंडात पडला आणि जातं एकदा गर्रकन फिरलं. जात्याईने खरं पाणी आण म्हटलं होतं. कशासाठी आलेलं, ते विचारलं नव्हतं.

"हाकला हिला!" प्रधान हुंदका देत म्हणाले. भिवरा त्याआधीच परसाबाहेर पडली होती.

राजगुरूंचं काम सोपं वाटत होतं. जो माणूस सहा महिने उपाशी आहे त्याच्याकडे भुकेला काय तोटा? ते रात्रंदिवस चौकातल्या देवळाच्या ओट्यावर व्याघ्रचर्मावर बसत, लोक पाया पडत, आणि ते क्षीण आवाजात आशीर्वाद देत. पण भिवराने जातं त्यांच्या पोटाशी नेलं, तर ते गार पडलेलं. तिने नीट पाहिलं. राजगुरूंच्या कमरेचा कडदोरा तीनदा वाढवलेला दिसत होता.

देवळामागच्या पडवीत एक दगडी पाट होता. त्यावर रोज पंचपक्वान्नांचं ताट ठेवत, आणि ताट आपोआप रितं होई. इकडे ओट्यावर बसल्या जागी राजगुरूंचं पोट भरे. पाटावर राजमांत्रिकाने मंत्राचे चरे कोरले होते, त्यांची ही किमया. अन्नाला ओठ लागत नाहीत, तर उपास मोडतो कसा, असा राजगुरूंचा शास्त्रार्थ होता. त्यात चूक कोणाला काढता आली नव्हती, कारण विचारलंच कोणी नव्हतं.

भिवरा पडवीतल्या सेवेकऱ्याला म्हणाली, "पाट झिजलाय, दादा. चरे पुसट झालेत. टाकी लावून देऊ?"

सेवेकऱ्याला वाटलं, बरं झालं, हल्ली ताट रितं व्हायला वेळच लागत होता. त्याने पाट तिच्या पुढ्यात सरकवला. टाकीची रीत अशी की आधी जुना चरा घासून साफ करायचा, मग नवा पाडायचा. भिवराने जुने चरे घासून काढले आणि जात्याला पाडतात तसे सरळ, स्वच्छ चरे पाडून दिले. मंत्राचा मागमूस उरला नाही.

त्या दिवशी ताट भरलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. राजगुरूंना उठून जाता येईना, समोर रात्रीही हजार माणसं बसलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा आशीर्वादाचा हात वर गेला तो खाली आला नाही, आणि ते जागच्या जागी कलंडले. लोकांना वाटलं, समाधी लागली. भिवरा पुढे झाली. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि जातं पोटाशी धरलं. जातं दुसऱ्यांदा फिरलं.

राजगुरूंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज, पुण्य, सगळं उतरलं होतं आणि एक घाबरलेला म्हातारा तेवढा उरला होता.

"बाई," ते पुटपुटले, "हे असं रोज होतं? सगळ्यांना?"

"रोज नाही, महाराज," भिवरा म्हणाली. "चौथ्या-पाचव्या दिवसापासून भूक लागायचीच बंद होते."

राजगुरूंनी तोंड फिरवलं. भिवराला त्यांच्यावर राग धरून राहायचं होतं, पण ते तिला जमलं नाही. झोळीतले चार उकडलेले चिंचोके तिने त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी सगळ्यांदेखत खाल्ले.

आणि घासाची तिथी उजाडली.

चौक माणसांनी भरला. शंभर पावलांवर दोरी ताणली होती. झोपडी सजली होती, मेहुणा धोतर सावरून तयार होता, भाकरी लोण्यासह आत पोचली होती. समोरच्या कड्यावर, सगळ्यांना दिसेल असा, सोनजी उभा होता. हात मागे बांधलेले, दोन्ही बाजूंना भालदार. भिवराने एकदाच तिकडे पाहिलं. मग ती गर्दीतून पुढे सरून दोरीपाशी उभी राहिली.

राजा भद्रसेन पालखीतून उतरला आणि अनवाणी चौकात आला. चौकात गालिचा अंथरला होता. त्याने विचारलं, "सर्वांत दुबळं घर कोणाचं?"

"माझं, महाराज!" मेहुणा ओरडला.

भिवराने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिला वाटलं होतं, शिपायांची भीती वाटेल. भीती नव्हती, लाज होती. सहा महिने ती रोज सकाळी रिकाम्या चुलीत ओलं गवत जाळत आली होती, शेजाऱ्यांनी धूर पाहावा आणि सोनजी पाथरवटाच्या घरी शिजतंय असं समजावं म्हणून. बापाचं नाव मोठं होतं. आता तो तिकडे कड्यावर उभा असताना, अख्ख्या राज्यासमोर ते नाव तिने मातीत घालायचं होतं.

राजाने रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं, "सर्वांत दुबळं घर कोणाचं?"

"माझं, महाराज!" मेहुणा पुन्हा म्हणाला.

"माझं," भिवरा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. राजाही दचकला, बारा वर्षांत दोरीमागून 'जय' सोडून दुसरा शब्द त्याने ऐकला नव्हता.

"माझ्या घरी पीठ नाही, महाराज. सहा महिन्यांत भाकरी थापली नाही. मी सोनजी पाथरवटाची मुलगी भिवरा. सर्वांत दुबळं घर आमचं."

"ही अपराध्याची पोर आहे," प्रधान घाईने म्हणाले. "बापाला वाचवायला खोटं बोलते. महाराज, घास निवतोय."

तेवढ्यात मैना येऊन राजाच्या छत्रावर बसली. राजाने तिला लगेच ओळखलं.

"महाराज, 'प्रजा सुखी आहे' हे मला शिकवलेलं वाक्य होतं. मी प्रजा कधी पाहिली नव्हती."

राजा राजगुरूंकडे वळला. त्याने विचारलं, "दोघं 'माझं' म्हणाले तर काय करावं? करारात काय आहे?"

प्रधानांनी राजगुरूंकडे डोळे वटारले. राजगुरू ओट्याचा आधार घेत उठले. "दोन्ही घरी खावं, महाराज. आणि आधी तिच्या घरी. या झोपडीत बारा वर्षांत चूल पेटलेली नाही, हे मला माहीत आहे. मी बोललो नाही, हे पाप माझं."

राजाने तिसरी हाक दिली, कारण रीत तीन हाकांची होती. त्याचा आवाज आता निराळा होता. "सर्वांत दुबळं घर कोणाचं?"

मेहुणा गप्प बसला. कोपऱ्यातल्या एका कोष्ट्याने हळूच म्हटलं, "माझं." त्याच्या शेजारची कासारीण म्हणाली, "माझं." मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 'माझं, माझं' असं होत गेलं. कोणी ओरडलं नाही. जो तो खाली पाहून म्हणत होता, आणि म्हणून झाल्यावर शेजाऱ्याकडे आश्चर्याने पाहत होता.

"सगळ्यांचंच?" राजाने विचारलं. त्याने गालिचा सोडला आणि भिवराच्या मागोमाग निघाला.

पाथरवटांच्या आळीत गालिचा नव्हता. राजाच्या तळव्यांना खडे टोचत होते, पण तो चालत राहिला. भिवराच्या घरात तो सारवलेल्या जमिनीवर बसला. तिने पानावर उकडलेला टाकळा वाढला, मीठ नव्हतं, आणि पाच चिंचोके ठेवले. पानाशेजारी तिने ते छोटं जातं मांडलं. दारातून समोरचा नगारखाना दिसत होता आणि त्याच्या वर कडा.

राजाने घास तोंडात घातला. चावताना त्याचा चेहरा कडू झाला. थुंकायला भांडं मिळेल म्हणून त्याने सवयीने उजवा हात बाजूला केला. तिथे भांडं धरणारं कोणी नव्हतं.

"हे काय आहे?" तो घास तोंडात धरूनच म्हणाला.

"चिंचोके, महाराज."

"हे तुम्ही रोज खाता?"

"मिळाले तर."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही घरात आला नव्हता."

राजाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यात शरम किती आणि कडू चव किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने गिळलं नाही तर राज्य उपाशी मरेल. गिळलं तर नगारा वाजेल. भिवराला 'थांबा' म्हणावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. तिने दारातून कड्याकडे पाहिलं. तिथून बाप एवढासा दिसत होता, पण ताठ उभा होता.

"गिळा, महाराज," ती म्हणाली.

राजाने घास गिळला.

दारात उभ्या असलेल्या प्रधानांनी तत्काळ पांढरं उपरणं हलवलं. नगारखान्यात लखू नगारची टिपऱ्या उगारून तयारच होता. उपरणं हललेलं त्याने पाहिलं, भालदारांनीही पाहिलं, आणि ते सोनजीला कड्याच्या टोकाशी घेऊन गेले.

लखूने टिपऱ्या खाली ठेवल्या.

"वाजव!" प्रधान ओरडले. "ऐकू येत नाही का? राजाचा नोकर ना तू?"

"होय, पंत," लखू वरून म्हणाला. "पण माझ्याही घरी आज तेच शिजलंय." आणि नगाऱ्याला पाठ करून तो पायरीवर बसला.

भालदार एकमेकांकडे पाहू लागले. नगारा वाजल्याखेरीज ढकलायचं नाही, असा हुकूम होता, आणि हुकूम कसा मोडायचा? ते थांबले.

तेवढ्यात पानाशेजारचं जातं तिसऱ्यांदा फिरलं. ते फिरतच राहिलं, आणि त्याच्या कडेने पांढरंशुभ्र पीठ पडू लागलं. मग शेजारच्या घरातून घरघर ऐकू आली, मग त्यापलीकडच्या. सगळ्या राज्यातली जाती कोणी हात न लावता फिरू लागली. महालाचे सात घुमट क्षणभर चमकले आणि पीठ होऊन ढासळले. वारा त्या दिवशी गावाकडे वाहत होता.

"टाकीत खोट नव्हती," राजा म्हणाला. त्याच्या बोटांना पीठ लागलं होतं. "सोनजी पाथरवटाला सोडा. मी स्वतः जातो."

राजा कड्यावर अनवाणीच गेला आणि म्हाताऱ्याच्या हातांची गाठ त्याने आपल्या हातांनी सोडली. चौकातली झोपडी मोडली, दोरी कापली. मेहुण्याला ते मापाने फाडलेलं धोतर वर्षभर नेसायची शिक्षा झाली. राजगुरू देवळाच्या ओट्यावरून उठून भांडारात गेले आणि वाढपी झाले. चांदी गेल्यावर प्रधानांना सारखं आणि अगदी खरं रडू येऊ लागलं, पण ते पाहायला सज्जाखाली कोणी थांबेना, तेव्हा त्यांनी प्रधानकी सोडली.

सोनजी घरी आला तेव्हा भिवरा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तो उंबऱ्यात थांबला. ती मान वर करेना.

"बा," ती म्हणाली, "मी चौकात बोलले ते तिकडे ऐकू आलं?"

"आलं."

"रागावलास?"

सोनजी आत येऊन भिंतीला टेकून बसला. दोरीचे वळ उठलेली मनगटं त्याने चोळली.

"तुझं ऐकलं तेव्हा मान खाली गेली, पोरी," तो म्हणाला. "मग बाकीच्यांचं ऐकलं. सहा महिने मला वाटत होतं, उपाशी आपणच तेवढे."

भिवराने पहिली भाकरी तव्यावरून काढली, मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

दळण सरलं, कहाणी सरली. ज्यांनी ऐकली त्यांच्या घरचं जातं रितं न फिरो, आणि ज्यांनी सांगितली त्यांच्याही.